मुरलेला देश

इसवी सन १००० च्या उन्हाळ्यात आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सगळ्या देशाने, एका दमात, सभेत बसून. मात्र त्या धर्मांतराला अटी होत्या. घरातल्या घरात जुन्या देवांना गुपचूप बळी द्यायची मुभा राहील. नको असलेलं मूल उघड्यावर टाकण्याची जुनी पद्धत चालू राहील, जिच्याबद्दल आज वाचतानाही अंगावर काटा येतो. आणि घोड्याचं मांस खायचं ते खाणारच. देव बदला म्हणालात, बदलले. ताटाला हात लावायचा नाही.

हा निवाडा दिला थोरगेइर नावाच्या गृहस्थाने, आणि तो स्वतः जुन्याच धर्माचा होता. ९३० साली थिंगवेत्लिरच्या माळावर सुरू झालेल्या आल्थिंगचा, म्हणजे त्यांच्या लोकसभेचा, तो कायदावाचक. कायदा तेव्हा लिहिलेला नव्हता. कायदावाचकाने दर वर्षी त्याचा तिसरा हिस्सा सभेपुढे तोंडपाठ म्हणून दाखवायचा. दोन्ही पक्षांनी भांडण त्याच्या गळ्यात घातलं, तसा हा माणूस राहुटीत शिरला, डोक्यावरून पांघरूण ओढलं आणि एक दिवस एक रात्र कोणाशी अक्षर बोलला नाही. बाहेर आला तो निर्णय घेऊनच. समित्या नेमून अहवालाची वाट बघणाऱ्यांनी हा प्रयोग करून बघायला हरकत नाही. पांघरूण स्वस्त पडतं.

बाप्तिस्म्याची वेळ आली तेव्हा आणखी एक अडचण निघाली. थिंगवेत्लिरचं पाणी गार. त्यात उतरायला बऱ्याच मंडळींनी साफ नकार दिला आणि परतीच्या वाटेवर लाउगारवाट्नच्या गरम झऱ्यात डुबकी मारून ती ख्रिस्ती झाली. घोड्याची सवलत पुढे काही वर्षांत काढून घेतली गेली. घोडा मात्र आजही तिथे दुकानात मिळतो.

आर्क्टिक वर्तुळाला टेकलेल्या या बेटाचा आकार महाराष्ट्राच्या साधारण एक-तृतीयांश. वस्ती चार लाखांच्या आत, आणि त्यातही जवळजवळ दोन-तृतीयांश लोक रेक्याविकच्या आसपास. एवढ्याशा वस्तीला ते गर्दी म्हणतात. बाकीचा देश लाव्हा, हिमनद्या, वारा आणि मेंढ्या यांनी आपसांत वाटून घेतला आहे. नवव्या शतकात नॉर्वेकडून माणसं आली तेव्हा बेटावर बर्चची बऱ्यापैकी जंगलं होती. ती माणसांनी तोडली, जाळली, आणि नवे कोंब मेंढ्यांनी उगवता उगवता खाल्ले. आता आइसलंडच्या जंगलात वाट चुकली तर काय करायचं, असा तिथला एक जुना विनोद आहे. उत्तर : उठून उभं राहायचं.

झाडं गेली आणि स्वयंपाकघराचं गणितच फिरलं. लाकूड नाही म्हणून समुद्राचं पाणी आटवायला सरपण नाही. सरपण नाही म्हणून चारी बाजूंनी समुद्र असून घरात मीठ नाही. मीठ नाही म्हणून मांस-मासळी खारवायची सोय नाही. धान्य धड पिकत नाही. हिवाळा मात्र भरपूर. अशा वेळी माणसाच्या हातात उरतं काय, तर वारा, धूर आणि आंबवण. वाऱ्यावर मासे वाळवायचे आणि भाकरीच्या जागी ते लोण्याशी खायचे. धुराचं पुढे येईलच. आंबवणाची गोष्ट अशी, की तिथे स्कीर नावाचा पदार्थ हजारेक वर्षं करतात. हा आपला चक्काच, फक्त लोणी काढून घेतलेल्या दुधाचा. चक्का बांधला की खाली पाणी गळणार. आपण ते कणकेत घालतो किंवा मोरीत ओततो. आइसलंडच्या बाईने ते पिंपात साठवलं, चांगलं आंबू दिलं आणि पडेल ती वस्तू त्यात मुरत घातली. मेंढ्याचे वृषण, मेंढीची चरबी, रक्त आणि राई (rye) या धान्याचं पीठ वजडीत शिवून केलेली रक्ती, यकृताचं तसंच सारण, देवमाशाची चरबी. काही म्हणजे काही टाकायचं नाही, हा त्या घरचा नियम. माझ्या मते आइसलंडचं सगळं राष्ट्रीय चारित्र्य त्या पिंपात आहे. सभा, सागा नावाच्या जुन्या कथा आणि ज्वालामुखी हे नंतरचं.

आता हाउकार्ल. ग्रीनलंड शार्क हा मासा ताजा खाल्ला तर बाधतो. त्याच्या मांसात युरिया आणि ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड ही द्रव्यं भरलेली असतात. खाणारा दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, फक्त दारूची मजा त्यात नसते. शहाणा माणूस अशा माशाला लांबून नमस्कार करेल. पण एक शार्क म्हणजे शेकडो किलो मांस, आणि नियम तर ठरलेला. मग किनाऱ्यावरच्या वाळू-खड्यांत खड्डा खणायचा, शार्कचे तुकडे त्यात पुरायचे, वर दगड ठेवायचे आणि सहा ते बारा आठवडे तिकडे फिरकायचं नाही. मासा कुजतो, दगडांच्या भाराने आतलं पाणी निथळतं, विष त्याबरोबर उतरतं. मग ते तुकडे काढून उघड्या फळ्यांच्या खोपटात चार-पाच महिने वाऱ्यावर टांगायचे. वर तपकिरी साल धरली की माल तयार. हल्ली खड्ड्याऐवजी डबे वापरतात, पण धीर तेवढाच लागतो.

स्नैफेल्सनेस द्वीपकल्पावर ब्यार्नारहोफ्न नावाचं शेत आहे; तिथलं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हाउकार्ल करतं, आणि आता त्याचं संग्रहालयही तिथेच आहे. घराच्या मागे ते खोपट. फळ्यांमधल्या फटींतून वारा आरपार, आणि आत छताला लोंबकळणारे पिवळट-तपकिरी तुकडे, उशीएवढे. वास आधी डोळ्यांना लागतो, नाकाला नंतर. चाखायला मिळतात ते साखरेच्या क्यूबएवढे चौकोनी तुकडे, टूथपिकला टोचलेले. त्यातही दोन जाती : पोटाकडचा लालसर आणि चिवट, अंगाकडचा पांढरा आणि मऊ. जाणकार यावर वाद घालतात. मी दोन्ही खाल्ले. पहिल्या दोन सेकंदांत काहीच होत नाही, आणि तुम्हाला वाटतं की उगीच बोभाटा. मग चावता चावता अमोनियाची वाफ घशातून नाकात चढते आणि नाकातून कपाळात जाते. तिथून खाली आली की एक मासळी-चीजसदृश चव उरते, ती मुळीच वाईट नसते. वाईट हे की ती संध्याकाळपर्यंत उरते. माझ्या शेजारच्या जर्मन बाईंनी तुकडा तोंडात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तो गिळलाही नाही, थुंकलाही नाही. थोरगेइर पांघरुणाखाली असाच पडला असणार.

या माशाबद्दल २०१६ साली आणखी एक माहिती बाहेर आली. शास्त्रज्ञांनी डोळ्यांतल्या भिंगावरून त्याचं वय काढलं. सर्वांत मोठ्या मादीचं वय निघालं ३९२ वर्षं, आणि खाली नम्र टीप : १२० वर्षं इकडे-तिकडे. ही जात वयात येते तीच दीडशेव्या वर्षी. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा या बाई बहुधा पन्नाशीच्या होत्या आणि घरचे त्यांना अजून लहान समजत होते. एवढं आयुष्य काढलेल्या जीवाला मरणानंतर सहा महिने आणखी थांबायला लावतात, यात एक न्याय आहे असं मला वाटतं.

हे सगळे पदार्थ एका पंगतीत भेटतात ते थोर्राब्लोट या जेवणावळीत. थोर्री हा जुन्या पंचांगातला भर थंडीचा महिना. जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी तो लागतो. त्याच्या पहिल्या दिवशी घरधन्याने काय करायचं याचं वर्णन एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या लोककथांत आहे. पहाटे उठायचं, अंगात नुसता सदरा, पाय अनवाणी, तुमानीच्या एकाच नळीत पाय घालायचा आणि दुसरी नळी मागे फरफटत, एका पायावर लंगडी घालत घराला फेरी मारायची. हे थोर्रीचं स्वागत. जानेवारीतल्या आइसलंडमध्ये. प्रत्यक्षात किती जणांनी हे केलं असेल कोण जाणे, पण त्या दिवसाला आजही नवरोबाचा दिवस म्हणतात आणि बायका नवऱ्याला काहीतरी बरं खायला घालतात. लंगडीपेक्षा हा सुधारलेला मार्ग आहे.

जेवणावळीला लाकडी काथवटी भरून ठेवलेल्या असतात. हाउकार्ल आहेच. दाबून वडी पाडलेले, आंबवणीत मुरलेले मेंढ्याचे वृषण. रक्ती, यकृताचं सारण, वाळवलेला मासा, लोणी, राईचा ब्रेड. आणि स्विद, म्हणजे मेंढीची मुंडी. केस जाळून काळी केलेली, करवतीने उभी दोन भागांत चिरलेली, मेंदू काढून उकडलेली. सोबत कुस्करलेला सलगम. अर्धी मुंडी ताटात आडवी पडून एका डोळ्याने तुमच्याकडे बघत असते, दात विचकलेले. गाल उत्तम लागतो, जीभ त्याहून उत्तम. डोळ्याबद्दल मतभेद आहेत. जुने लोक तो मटकावतात आणि नवे लोक त्यावर सलगम पसरतात. बसस्थानकावर आपण वडापाव घेतो त्या सहजतेने रेक्याविकच्या बसस्थानकातल्या खानावळीत वर्षानुवर्षं ही मुंडी मिळायची.

आता यातली खरी मेख. हे सगळं वाचून वाटेल की व्हायकिंगांच्या काळापासून ही पंगत अखंड चालत आली आहे. तसं काही नाही. पदार्थ जुनेच, पण ते गरिबीचं रोजचं अन्न होतं. सण म्हणून थोर्राब्लोट सुरू केला तो आइसलंडच्या विद्यार्थ्यांनी, १८७३ साली, तोही कोपनहेगनमध्ये. परदेशात गेल्यावर माणसाला देशी वस्तूंचा पुळका येतो, हे सार्वत्रिक आहे. आणि ‘थोर्रीचं जेवण’ असं नाव देऊन काथवटीत ही सगळी मांडामांड प्रथम विकली ती रेक्याविकच्या नाउस्ट या रेस्टॉरंटने, १९५८ साली. तोवर शहरात फ्रिज आले होते, तरुण मुलं आंबवणाला नाक मुरडू लागली होती. एका हॉटेलवाल्याने आजीच्या पिंपाला ‘परंपरा’ अशी पाटी लावली आणि जानेवारीतल्या मंदीत गिऱ्हाईक मिळवलं. मला यात फसवणूक दिसत नाही. परंपरेला कोणीतरी वेळेवर हॉटेलवाला भेटावा लागतो.

घशाखाली उतरवायला ब्रेनिव्हिन असते, बटाट्याची दारू, शहाजिऱ्याच्या वासाची. टोपणनाव ‘काळा मृत्यू’. ती पिण्याला हरकत नव्हती तेव्हाही बिअरला मात्र बंदी होती. तो इतिहास असा : १९१५ साली देशात संपूर्ण दारूबंदी आली. १९२२ साली वाइन परत आली, कारण स्पेनने बजावलं की आमची वाइन घेत नसाल तर तुमचा मासा घेणार नाही. १९३५ साली कडक दारूही परत आली. बिअर तेवढी राहिली. ती स्वस्त, कोणीही पिईल, तरुण पोरं बिघडतील, असा युक्तिवाद. त्यामुळे अर्धं शतक लोक कडक दारू उजळ माथ्याने पीत आणि बिअर मिळत नाही म्हणून मचूळ बिनदारूच्या बिअरमध्ये तीच ओतून पीत. बिअर सुटली १ मार्च १९८९ रोजी. त्या तारखेला अजून बिअर दिवस म्हणतात. याच देशात १९८७ पर्यंत गुरुवारी सरकारी दूरदर्शन बंद असे. लोकांनी त्या दिवशी काहीतरी दुसरं करावं अशी अपेक्षा होती, आणि ती त्यांनी पुरी केली असावी असं तिथले लोक एकमेकांच्या जन्मतारखा मोजून सांगतात.

भुकेची आठवण नाताळातही सुटत नाही. बाकीच्या जगात एक म्हातारा भेटी घेऊन येतो. आइसलंडमध्ये तेरा भाऊ येतात, रोज एक, आणि भेटी ठेवायचं नंतर शिकले. आधी ते चोर. त्यांची नावंच बघा : पळी चाटणारा, भांडं खरवडणारा, वाडगा चाटणारा, स्कीर ओरपणारा, सॉसेज पळवणारा, धुराड्यातून आकडा सोडून मांस ओढणारा, मेणबत्त्या लंपास करणारा. मेणबत्त्या कशाला? त्या चरबीच्या असत, खाता यायच्या. एक नुसता दारं आपटतो. प्रत्येक कुटुंबात असतोच. एक खिडकीतून डोकावतो, एक दाराच्या फटीशी नाक लावून हुंगतो. यांची आई ग्रीला खोडकर पोरांचा रस्सा करते, बाप आळशी आहे, आणि घरचं मांजर नाताळात नवा कपडा न मिळालेल्यांना खातं. पोरं इतकी घाबरू लागली की १७४६ साली राजाज्ञा निघाली : या मंडळींच्या नावाने मुलांना भीती घालू नये. डेन्मार्कच्या राजाला एवढ्या लांबून यात लक्ष घालावं लागलं. आता हे भाऊ सुधारले आहेत. मुलं खिडकीत बूट ठेवतात, त्यात खाऊ येतो. वाईट वागलात तर बटाटा येतो. भुकेल्या देशात बटाटा ही शिक्षा व्हायला लागली, म्हणजे बरे दिवस आले.

यातला हुंगणारा भाऊ २३ डिसेंबरला काय करत असेल याची मला काळजी वाटते. त्या दिवशी संत थोरलाकच्या स्मरणार्थ कुजवलेला स्काता, म्हणजे पाकट, शिजवून खातात. मूळ पद्धत वायव्येकडच्या फ्योर्डांतली. आता देशभर पसरली. पाकट शार्कचाच नातेवाईक, त्यामुळे अमोनियाचा वारसा तोच, फक्त इथे तो गरम वाफेवर येतो. डोळ्यांतून पाणी, कोट बाहेर व्हरांड्यात, इमारतीच्या जिन्यात वरपासून खालपर्यंत एकच बातमी. दुसऱ्या दिवशी नाताळची संध्याकाळ. तो वास घालवायला घरोघरी धुरावलेलं मेंढीचं मांस उकळत ठेवतात. आणि हे मांस धुरावतात कशावर? लाकूड नाही, हे आपण पाहिलंच. हिवाळाभर गोठ्यात मेंढ्यांनी तुडवलेल्या लेंड्यांचा थर कुदळीने कापून काढतात, वाळवतात, आणि त्याची धुरी देतात. म्हणजे पाकटाचा वास लेंडीच्या धुराने घालवायचा आणि मग सणाला बसायचं. चव मात्र खरोखर सुरेख असते. त्याच उत्साहात २०१५ साली एका छोट्या कारखान्याने देवमाशाचे वृषण लेंडीच्या धुरावर धरले आणि थोर्रीसाठी त्यांची बिअर काढली. इथे मी थांबलो.

निसर्गाबद्दल थोडक्यात, कारण त्याचे फोटो तुम्ही पाहिलेले आहेत. जमीन खालून तापलेली आहे, आणि हेही त्यांनी वाया जाऊ दिलेलं नाही. लाउगारवाट्नच्या काठी राईच्या पिठाचं भांडं झाकून गरम वाळूत पुरतात आणि चोवीस तासांनी केकसारखा गोडसर ब्रेड उकरून काढतात. दहांतली नऊ घरं जमिनीखालच्या पाण्यावर ऊबदार राहतात. न्हाणीघरात कुजक्या अंड्याचा हलकासा वास येतो, आणि आठवडाभरात तो येईनासा होतो, म्हणजे वास असतोच, तुम्ही त्यात मुरता. गावागावांत गरम पाण्याचा तरणतलाव आहे. सगळं राजकारण आणि सगळ्या चहाड्या तिथल्या कुंडांत गळ्यापर्यंत बुडून होतात. पण आत जाण्यापूर्वी साबण लावून, पूर्ण विवस्त्र होऊन, सर्वांदेखत अंघोळ करायची. भिंतीवर मानवी देहाचं चित्र असतं आणि कुठे कुठे घासायचं ते रंगवून दाखवलेलं असतं. लाजून चड्डीवर पाणी शिंपडून सटकणारा परदेशी पाहुणा राखणदाराला लांबून ओळखू येतो. त्याला परत पाठवतात. मराठी संस्कार आणि आइसलंडची स्वच्छता यांचा तिथे समोरासमोर सामना होतो आणि संस्कार हरतात.

जमीन तापलेली असण्याची दुसरी बाजूही आहे. १७८३ साली लाकीची भेग फुटली ती आठ महिने धुमसत राहिली. विषारी धुक्याने गवत गेलं, मेंढ्या गेल्या आणि दुष्काळात देशातला साधारण पाचवा माणूस गेला. काही टाकायचं नाही हा नियम हौसेने आलेला नव्हता. २३ जानेवारी १९७३ च्या रात्री हेइमाए बेटावर गावाच्या कडेलाच जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी नेमक्या बंदरात होत्या, म्हणून पाच हजारांवर माणसं काही तासांत बेटाबाहेर पडली. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला तेव्हा मंडळींनी त्यावर समुद्राचं पाणी मारलं, महिनोन्‌महिने, आणि तो थिजवला. परत आल्यावर त्याच लाव्ह्यात नळ घालून पुढे दहा-बारा वर्षं घरं गरम केली. ज्याने घर बुडवलं त्याच्याकडून घरपट्टी वसूल केली म्हणायची. २०२१ साली फाग्रादाल्सफ्यात्लला लाव्हा वाहू लागला तेव्हा लोक त्यावर सॉसेज भाजून आले. तेही रीतीला धरूनच.

या हेइमाएवरचा पफिन पक्ष्याचा व्यवहार मला सर्वांत आवडतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पफिनची पिल्लं पहिल्यांदा उडतात आणि चंद्र समजून गावातल्या दिव्यांकडे येऊन रस्त्यात पडतात. तेव्हा गावातली पोरं रात्री उशिरापर्यंत जागून, खोक्यांतून ती गोळा करतात, घरी ठेवतात, सकाळी वजन करतात आणि कड्यावरून समुद्राच्या दिशेने हवेत उडवून देतात. मांजरापासून आणि मोटारींपासून वाचवलेली पिल्लं. बघताना डोळे पाणावतात. आणि त्याच्या थोडंच आधी, ऑगस्टच्या सुरुवातीला, बेटाचा मोठा उत्सव असतो, त्यात परंपरेने धुरावलेला पफिन खातात. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं तिथे कोणाला विचारलं तर समोरचा माणूस खरोखर गोंधळतो. पिल्लू ते पिल्लू, जेवण ते जेवण.

अदृश्य शेजाऱ्यांच्या बाबतीतही असाच समंजसपणा. खडकांत हुल्दुफोल्क, म्हणजे झाकली माणसं, राहतात. मानता का, असं विचारलं तर कोणी हो म्हणत नाही, नाही म्हणायचं धाडसही करत नाही. कोपावोगुर या शहरात एक रस्ता त्यांच्या टेकडीपाशी येऊन अरुंद होतो. २०१५ साली दुसऱ्या एका रस्त्याच्या आड त्यांचं देऊळ मानली गेलेली शिळा आली, तेव्हा क्रेन आणून ती सांभाळून बाजूला नेली. दिसणाऱ्या माणसांचं पुनर्वसन जगात कुठे इतक्या अदबीने होतं?

दिसणाऱ्या माणसांची अडचण वेगळी : ती सगळी एकमेकांची नातेवाईक. आडनाव बहुतेकांना नाही. बापाच्या किंवा आईच्या नावापुढे मुलगा की मुलगी एवढंच. टेलिफोन डिरेक्टरीही पहिल्या नावाने लावलेली असायची, आणि राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच हाक. नवं नाव ठेवायचं तर १९९१ पासून नामसमिती आहे. ते व्याकरणात बसलं पाहिजे. वंशावळी मात्र वस्ती झाल्यापासूनच्या नोंदलेल्या. २०१३ साली विद्यार्थ्यांनी त्यावरून मोबाइलचं एक ॲप केलं : दोघांनी फोनला फोन टेकवला की नातं किती जवळचं ते कळतं, आणि फारच सगोत्र निघालं तर इशारा वाजतो. पार्टीत ओळख झालेल्या तरुण-तरुणींचे फोन वाजले की दोघांनी मुकाट्याने वाळवलेला मासा खायला बसायचं.

मासा हा शेवटी सगळ्याचा बाप. कॉड माशासाठी या बिनसैन्याच्या देशाने ब्रिटनशी तीन वेळा पंगा घेतला. तटरक्षक बोटींनी इंग्लिश ट्रॉलरांच्या जाळ्यांचे दोर कापले, आणि १९७६ साली दोनशे सागरी मैलांचा हक्क मिळवला. मांस युरोपला जातं. मुंडकी वाळवून नायजेरियाला जातात, तिथे त्यांचा रस्सा होतो. उरली कातडी. पूर्वी तिचे बूट शिवत, आणि वायव्येकडे घाट किती लांब हे त्यावर किती जोड झिजतात त्यावरून सांगत. मग ईसाफ्योर्दुरच्या केरेसिस या कंपनीने तीच कातडी भाजलेल्या आणि न भरणाऱ्या जखमांवर लावायला काढली, आणि २०२३ साली डेन्मार्कच्या कोलोप्लास्टने ती कंपनी सुमारे १.३ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. पिंपवाल्या आजीला हे आधीच माहीत होतं, फक्त आकडा माहीत नव्हता.

एकदाच या मंडळींकडे एक वस्तू कमी पडल्याची नोंद आहे. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या नव्वद टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं, घरचंही. नवरे पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले आणि जे करता येईल ते आणायला बाहेर पडले. त्या दिवशी दुकानांतली सॉसेजं संपली.

आणि आता ताजी बातमी. आइसलंडमध्ये डास नव्हते. आसपास सगळीकडे होते, इथे नव्हते, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये रेक्याविकच्या उत्तरेला क्योसच्या खोऱ्यात तीन डास सापडले, दोन माद्या आणि एक नर. देशभर चर्चा, शास्त्रज्ञांची तपासणी, परदेशी वर्तमानपत्रांत मथळे. पतंग पकडायला एका कीटकप्रेमी गृहस्थाने रेड वाइनमध्ये भिजवलेली पट्टी टांगली होती, तिच्यावर ते बसले होते. म्हणजे मुरत घालायला सुरुवात झालीच आहे. काथवटीत यायला फार तर आणखी एखादा थोर्री लागेल.